क्लिक बंद केला तेव्हा

गेल्या रविवारी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या स्टुडिओत चौघे आले. सगळ्यांनी पन्नाशी ओलांडलेली. नव्वदच्या दशकात धोबी तलावच्या रंगभवनात पंक रॉक वाजवायचे. पुढे नोकऱ्या, बदल्या आणि एक मोठं भांडण. आता २१ वर्षांनी नवी गाणी. गिटारवाला पुण्याहून पहाटेच्या गाडीने आला, बेसवाला ऐरोलीहून. पाच गाणी, एक दिवस. मी विचारलं, जमेल का? गायक म्हणाला, अमेरिकेतल्या रामोन्स या पंक बँडचा १९७६ चा पहिला अल्बम, चौदा गाणी, आठवड्याभरात झाला होता, आम्हाला पाचच करायचीत.

रविवार मीच सुचवला होता. शेजारच्या गाळ्यातली लेथ चालू असली की अर्थिंगमधून ५० हर्ट्झची गुणगुण गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकात, शिरते. कितीही फिल्टर लावा, गिटारचा खालचा भाग खाल्ल्याशिवाय ती जात नाही.

स्नेअरवर, म्हणजे खाली तारा ताणलेल्या ड्रमवर, पाऊण तास गेला. बाजूचा मोठा फ्लोअर टॉम वाजला की खालच्या तारा झणझणत होत्या. ड्रमरने एकेक बोल्ट पाव फेरा फिरवून वरचं हेड, म्हणजे पडदा, आवळलं, कान लावून. हल्ली हे कोणी करत नाही. नवी पोरं ‘नंतर सॅम्पल बसवा’, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला ठोका वरून लावा, म्हणून मोकळी होतात, एकमेकांच्या समोर उभीसुद्धा राहत नाहीत.

चौघांना एकाच खोलीत उभं केलं, फक्त अँप पॅसेजमध्ये गाद्यांच्या आड. कानात क्लिक दिला, म्हणजे तालाची टिकटिक, मिनिटाला १८४ ठोक्यांवर. तीन टेक झाले. एकही ठोका चुकला नाही आणि तिन्ही टेक मेलेले. चौथ्याला ड्रमरने हेडफोन काढून गळ्यात अडकवला, काठ्या आपटून चार मोजले आणि सुटला. दोन मिनिटांचं गाणं. शेवटच्या कोरसला गिटारवाला माइकला पाठ करून ड्रमरच्या हातांकडे बघत उभा होता. मी काचेतून बघत होतो, अंगावर काटा आला. नंतर मोजलं तर शेवट १९१ ला पोचला होता, आणि चौघेही एकदमच पोचले होते.

त्या रात्री एडिटला बसलो आणि सगळे ड्रम ग्रिडवर सरळ केले, म्हणजे प्रत्येक ठोका कॉम्प्युटरच्या समान अंतराच्या रेघांवर ओढून बसवला. कोणी सांगितलं नव्हतं. गेली दहा वर्षं प्रत्येक फाइलवर हेच करतोय, हात आपोआप गेला. सकाळी पाठवून दिलं.

दुपारी ड्रमरचा फोन आला. आवाज शांत होता. “छान झालंय रे. पण वाजवलंय कोणी?”

मला उत्तर देता आलं नाही. तो टेक माझ्या डोळ्यांसमोर झाला होता, काटा माझ्याच अंगावर आला होता, तरी बारा तासांत मी तो पुसून टाकला. त्या रात्री मी नेमकं काय ऐकत होतो, हे चार दिवस झाले तरी उलगडत नाही.

मूळ टेक मंगळवारी परत पाठवला. अजून फोन आलेला नाही.