टिपणवहीतच चुकतो संदर्भ

प्रबंधातली उचलेगिरी बहुतेकदा लबाडीतून नाही, गलथान टिपणांतून येते. पुस्तकातलं वाक्य वहीत उतरवलं, अवतरणचिन्हं घालायची राहून गेली, पान क्रमांकही राहून गेला. दोन महिन्यांनी ते आपलंच वाटतं आणि प्रकरणात जसंच्या तसं जातं. म्हणून उतरवतानाच चिन्हं घाला, पुढे लेखक, वर्ष, पान लिहा. स्वतःचा विचार वेगळ्या शाईत. सारांश पुस्तक मिटून लिहा, मगच मूळ मजकुराशी ताडून पाहा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत आधीच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भासह दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. पण ‘दहा टक्के चालतं’ हा हिशेब मला मुळीच पटत नाही. इंग्रजी परिच्छेद मराठीत आणून संदर्भ गाळला, तर साम्य शोधणारं सॉफ्टवेअर बहुधा गप्प बसतं. चोरी ती चोरीच.

आणि गॅझेटियरमधला (जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथातला) आकडा दुसऱ्याच्या पुस्तकात वाचला असेल, तर सूचीत ते पुस्तकच लिहायचं. गॅझेटियरचं नाव हवं असेल तर ग्रंथालयात जाऊन ते पान आधी उघडा. दुसऱ्याच्या पुस्तकात छापताना अंक बदललेला कधी कधी सापडतो.