वीस मीटर केबल जोडली आणि बफर थरथरू लागला

दाबाच्या सेन्सरचा 0 ते 5 व्होल्टचा सिग्नल कंट्रोल पॅनेलपर्यंत न्यायचा होता. मध्ये टीएल072 या ऑपअँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा) साधा युनिटी गेन बफर, म्हणजे इनपुटला येईल तोच व्होल्टेज आउटपुटला देणारा. टेबलावर सगळं चोख चालायचं. वीस मीटरची शील्डेड केबल जोडली की मात्र रीडिंग काही मिलिव्होल्टने सरकायचं, आणि केबलला हात लावला की आणखी हलायचं. मल्टिमीटर याहून जास्त काही सांगत नव्हता. ऑसिलोस्कोप लावला तेव्हा कळलं, आउटपुट मेगाहर्ट्झच्या आसपास दोलन करत होतं.

सप्लाय पिनजवळचे 100 नॅनोफॅरडचे कपॅसिटर आधी तपासले. ते जागेवर होते. मग केबलकडे वळलो. अशा कोएक्सियल केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण 100 पिकोफॅरड असते, म्हणजे वीस मीटरला 2 नॅनोफॅरड. एलएम358 या दुसऱ्या एका ऑपअँपची डेटाशीट युनिटी गेनला जेमतेम 50 पिकोफॅरडच्या भाराची हमी देते, यावरून अंदाज यावा.

ऑपअँपचा स्वतःचा आउटपुट रोध 100 ओहम धरला, तर 2 नॅनोफॅरडसोबत 800 किलोहर्ट्झला एक नवा पोल तयार होतो, म्हणजे त्याच्या आसपास आणि पुढे सिग्नल क्षीण आणि उशिरा होऊ लागतो. टीएल072 ची बँडविड्थ 3 मेगाहर्ट्झ. म्हणजे लूपमध्ये अजून भरपूर गेन शिल्लक असतानाच फीडबॅक उशिरा पोचू लागतो, आणि फेज मार्जिन, म्हणजे दोलनापासूनचं सुरक्षित अंतर, संपत जातं. गेन 10 असता तर हाच भार निभावला असता. युनिटी गेन सर्वांत नाजूक. 'आउटपुटवरून ग्राउंडला एक कपॅसिटर टाका, नॉइज जाईल' हा सल्ला नेहमी ऐकू येतो. इथे तो रोगच वाढवतो.

आउटपुट आणि केबल यांच्यामध्ये 100 ओहमचा रेझिस्टर टाकला आणि दोलन थांबलं. पण पॅनेलचा इनपुट रोध 10 किलोओहम होता, त्यामुळे 5 व्होल्टला जवळजवळ 50 मिलिव्होल्ट कमी दिसू लागले. एक टक्का चूक मला मान्य नव्हती.

म्हणून फीडबॅकचे दोन रस्ते केले. रेझिस्टरच्या पलीकडून, केबल जिथे सुरू होते तिथून, 10 किलोओहममधून इन्व्हर्टिंग (उणे) इनपुट पिनला. आणि ऑपअँपच्या आउटपुट पिनवरून थेट त्याच पिनला 330 पिकोफॅरडचा कपॅसिटर. डीसीला ऑपअँप केबलवरचा व्होल्टेज बघतो आणि तूट भरून काढतो. वरच्या फ्रिक्वेन्सीला तो केबलला वगळून स्वतःचंच आउटपुट बघतो. 10 किलोओहम गुणिले 330 पिकोफॅरड म्हणजे 3.3 मायक्रोसेकंद, 100 ओहम आणि केबल मिळून 0.2 मायक्रोसेकंद. पहिला आकडा दुसऱ्याच्या निदान काही पट हवाच. फार वाढवला तर आउटपुट स्थिरावायला वेळ लागतो, पण दाबाचा सिग्नल संथ असल्याने इथे अडचण नव्हती.

तपासणीसाठी 100 मिलिव्होल्टची स्क्वेअर वेव्ह दिली. मोठी दिली की स्लू रेट (आउटपुट बदलण्याच्या वेगाची मर्यादा) आड येतो आणि रिंगिंग, म्हणजे उडीनंतरची थरथर, झाकलं जातं. ओव्हरशूट, म्हणजे आउटपुटची ठरल्या पातळीवरची उसळी, 10 टक्क्यांच्या आसपास असेल तर फेज मार्जिन 60 अंशांजवळ समजायचं. 25 टक्के म्हणजे जेमतेम 45.

आता प्रत्येक नव्या बोर्डाच्या आउटपुटला 1, 2.2 आणि 4.7 नॅनोफॅरड आळीपाळीने लावून हीच स्क्वेअर वेव्ह देतो. साइटवर केबल किती लांब पडेल हे ड्रॉइंगवरून कधीच नक्की कळत नाही.