योजनेत बसतं का?

काकांना ॲटॅक आला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि चुलतभाऊ फोनवर पहिलं काय बोलला तर "रेशनकार्डाचा फोटो पाठव लवकर". माणूस गाडीत घामाघूम पडलाय आणि घरचे कपाट उपसतायत.

कार्ड निघालं पांढरं. पूर्वी पांढऱ्याला सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेत काही नव्हतं. 2012 ला राजीव गांधी जीवनदायी सुरू झाली ती पिवळ्या-केशरीवाल्यांसाठी, पुढे तिचं महात्मा फुले जन आरोग्य झालं, आणि 2023 ला सरकारने ठरवलं की सगळ्याच कार्डांना घ्यायचं आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर न्यायची. चांगलं केलं, उगाच नावं ठेवणार नाही. पण पहिल्या हॉस्पिटलात काउंटरवरचा पोरगा स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाला, "योजनेचे बेड फुल आहेत, कॅशमध्ये असेल तर आत्ता घेतो." म्हणजे बेड होता!

शेवटी दुसरीकडे काम झालं, तिथला आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा, भला माणूस, कागद त्यानेच पळवले, अप्रूव्हल आलं, अँजिओप्लास्टी झाली आणि बिल शून्य.

तेव्हापासून घरात वाद चालूय. भाऊ म्हणतो फुकट झालं ना, अजून काय पाहिजे. मला खटकतं ते वेगळंच. काकांना बीपी दहा वर्षांपासून. गावच्या पीएचसीत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, गोळ्या कधी असायच्या कधी नसायच्या, नसल्या की काका म्हणायचे बघू पुढच्या आठवड्यात, आणि तो आठवडा काही यायचा नाही. म्हणजे दहा वर्षं साध्या गोळीची सोय धड झाली नाही आणि आडवं पडल्यावर मात्र सरकार खासगी हॉस्पिटलला एवढाली रक्कम मोजणार. हा कुठला हिशोब? इंग्रजांच्या काळात आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने 1946 लाच सांगून ठेवलंय की पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडू नये आणि सुरुवात गावापासून करा. 2017 च्या आरोग्य धोरणात लिहिलं की 2025 पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू, तिथवर काही आपण पोचलो नाही.

नुसता कायदा करूनही भागत नाही म्हणा. राजस्थानने 2023 ला आरोग्याचा हक्क कायद्यात आणला, इमर्जन्सीत आधी पैसे मागायचे नाहीत, तर खासगी डॉक्टर दोनेक आठवडे संपावर. त्यांचा प्रश्न होता की आमचे पैसे कोण आणि कधी देणार, आणि तो अगदीच खोटा नाही, आपल्याकडेही योजनेची बिलं अडकतात ही हॉस्पिटलवाल्यांची जुनी रड आहे. त्या काउंटरवरच्या पोराचं "कॅशमध्ये" तिथूनच येत असणार. राग तरी जात नाही.

आता डिस्चार्ज पेपरवर सात गोळ्या आहेत, रक्त पातळ करणाऱ्या गोळीखाली डॉक्टरने पेनने दोन रेघा मारल्यात, एकही दिवस चुकवायची नाही. काकू मेडिकलमधून पट्टी कापून दहा-दहा दिवसांच्या आणते. परवा फॉलोअपला गेलो तेव्हा तिने आरोग्यमित्राला विचारलंच, "दादा, या गोळ्या कायमच्या योजनेत बसतात का हो?" त्याने पेपर दोनदा उलटापालटा केला आणि म्हणाला, "काकू, ॲडमिट असते तर बघितलं असतं."