डोळ्यातल्या त्या रक्ताच्या नसा गेल्या कुठं?

गर्भात डोळा बनतो म्हणजे पेशी नुसत्या वाढतच सुटतात असं वाटतं, पण तिथं मरणाऱ्या पेशींचंही काम काही कमी नाहीये. भिंगाचंच घ्या. आपल्या भिंगात एकही रक्तवाहिनी नाही, असती तर दिसलं असतं काय, कप्पाळ! पण गर्भात भिंग वाढायचं तर रक्त हवंच, म्हणून मागून एक धमनी येते, भिंगाभोवती जाळं पसरते, पुढे बाहुलीवरही नसांचा पातळ पडदा असतो, आणि गरज संपली की हे सगळं जायला लागतं. माणसात हे पोटातच उरकतं. २८ आठवड्यांच्या आसपास जन्मलेल्या बाळाच्या भिंगापुढे डॉक्टरांना या नसा चक्क दिसतात, किती उरल्यात त्यावरून बाळ किती आठवड्यांचं याचा अंदाजही बांधता येतो.

उंदराच्या पिल्लात हा कारभार जन्मल्यावर चालतो, त्यामुळे अभ्यास करायला सोपं. मॅक्रोफेज म्हणजे मेलेल्या पेशी खाणारे सफाईवाले, एवढंच आपण शिकलेलो. १९९३ मध्ये लँग आणि बिशप या संशोधकांनी उंदरांच्या डोळ्यातले मॅक्रोफेज नाहीसे केले तर नसा मेल्याच नाहीत, तशाच राहिल्या! म्हणजे मारायची सुपारीपण हेच घेतात. २००५ मध्ये त्यामागचं प्रोटीन सापडलं, डब्ल्यूएनटी७बी. आता गंमत बघा, हे प्रोटीन नसेच्या पेशीला मर म्हणतच नाही, विभाजन कर म्हणतं, पण त्याच वेळी अँजिओपोएटिन-२ या दुसऱ्या प्रोटीनमुळे तिचा जगायचा सिग्नल बंद पडलेला असतो, मग ती बिचारी विभाजनाला निघते आणि वाटेतच मरते. मला तर हे वाचून वेडच लागायचं बाकी होतं.

भिंगातल्या पेशींचं वेगळंच, त्या केंद्रक वगैरे सगळं टाकून देतात पण मरून जात नाहीत. केंद्रकातला डीएनए तोडणारं एन्झाइम नसलेल्या उंदरांना मोतीबिंदू होतो.

कधीकधी त्या धमनीचा ठिपका भिंगामागे राहतो, त्याने काही बिघडत नाही. पण अख्खं जाळंच राहिलं तर, बहुतेक वेळा एकाच डोळ्यात, बाहुली पांढरी दिसते. फ्लॅशच्या फोटोत बाळाची बाहुली अशी दिसली तर थांबू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, कारण रेटिनोब्लास्टोमा म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) कॅन्सरही तसाच दिसतो, आणि तिथं प्रॉब्लेम उलटा, पेशी वाढायच्या थांबतच नाहीत.