लाकडी घराच्या पोकळ भिंतीतून नेटवर्क केबल नेताना

अमेरिकेतील बहुतेक स्वतंत्र घरे लाकडी सांगाड्यावर उभी असतात. बहुधा १६ इंचांच्या अंतराने उभे केलेले खांब, ज्यांना इथे स्टड म्हणतात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ठोकलेले ड्रायवॉलचे, म्हणजे जिप्समचे, साधारण अर्धा इंच जाडीचे तक्ते, एवढीच आतल्या भिंतीची रचना असते. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत झिरी पाडून पाईप पुरण्याची पद्धत पाहिलेल्या माणसाला या पोकळीचे महत्त्व लगेच कळते, कारण छतावरच्या पोटमाळ्यातून सोडलेली केबल भिंत न फोडता थेट खोलीत उतरवता येते.

खरी परीक्षा मात्र वरच होते. खोलीत ठरवलेली जागा पोटमाळ्यात सापडत नाही, कारण तिथे सगळीकडे उष्णतारोधक तंतूंचा, म्हणजे इन्सुलेशनचा, जाड थर पसरलेला असतो आणि त्याखाली भिंतीचा माथा, म्हणजे टॉप प्लेट, दडलेला असतो. अशा वेळी वर आणि खाली दोन्हीकडून ओळखता येईल अशा खुणेपासून, उदाहरणार्थ छतातून वर गेलेल्या पाईपपासून, माप घ्यावे. टॉप प्लेट बहुधा दुहेरी, म्हणजे तीन इंच जाडीचे लाकूड असते, त्यामुळे ड्रिलचे पाते लांब हवे. बाहेरच्या भिंती मी शक्यतो टाळतो. त्यांच्या पोकळीत इन्सुलेशन भरलेले असते आणि उतरत्या छपरामुळे तिथे ड्रिल धरायलाही जागा उरत नाही.

पोटमाळ्यात पाय फक्त तुळयांवरच ठेवावा, कारण मधला भाग म्हणजे खालच्या खोलीचे नाजूक छत असते. उन्हाळ्यात तिथली उष्णता धोकादायक ठरू शकते, म्हणून काम पहाटे उरकावे आणि मास्क काढू नये. जुन्या घरात खड्यांसारखे दिसणारे व्हर्मिक्युलाइट नावाचे इन्सुलेशन आढळले, तर त्यात आरोग्याला घातक ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने त्याला हातही लावू नये.

केबल शुद्ध तांब्याचीच घ्यावी, याबाबत मी आग्रही आहे. नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यासारख्या उपकरणाला वीजही देता येते, पण तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेतून ती पुरवली की तार अधिक तापते. कॅट ६ या प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिटचा वेग सहज देते, आणि १० गिगाबिटसाठी अनुकूल स्थितीत ५५ मीटरची मर्यादा धरतात. विजेच्या तारांना समांतर नेण्याऐवजी ती त्यांना काटकोनात ओलांडून न्यावी.

टॉप प्लेटला पाडलेले छिद्र अग्निरोधक सीलंटने बुजवण्याचे काम अनेकजण सोडून देतात, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. पोकळ भिंतीतून आग आणि धूर झपाट्याने वर चढतात व हे लाकूड त्यांना अडवते. म्हणून आधी सर्व केबल ओढून, प्रत्येकीची चाचणी करून, मगच छिद्र बंद करावे आणि बाजूला सारलेले इन्सुलेशन पुन्हा जागेवर पसरावे.