पुण्यात घर घेताना आधी सर्व्हे नंबर

जाहिरातीत 'मेट्रोपासून दहा मिनिटं' असं लिहिलेलं असतं. घर उभं असतं ते सर्व्हे नंबरवर, म्हणजे सरकारी नोंदीतल्या जमिनीच्या तुकड्यावर. म्हणून सिंहगड रस्ता, धायरी, आंबेगाव या पट्ट्यात शोधताना मी सॅम्पल फ्लॅट बघण्याआधी सर्व्हे आणि हिस्सा (पोटविभाग) नंबर मागत गेलो. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या माहितीत तो असतो. सातबाऱ्याशी ताडून घ्यावा.

त्या नंबरावरून महापालिकेत झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा (डीपी) त्या जागेपुरता भाग नकाशा मिळतो. नकाशात शेजारच्या मोकळ्या जागेवरचं आरक्षण दिसतं, पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो रस्ता. डीपी रोड कागदावर १८ मीटर असतो आणि जागेवर सहा, कारण मधल्या जमिनीचं संपादनच झालेलं नसतं. तोवर स्कूलबस, टँकर, अग्निशमनाचा बंब, सगळं त्याच गल्लीतून. होणाऱ्या रस्त्याचे पैसे आज मोजू नयेत.

मग पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. मात्र नुसती नदी बघून भागत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर पुणेकर विसरलेले नाहीत. वरचे मजले कोरडे राहिले तरी पार्किंग, पाण्याचे पंप, मीटर आणि लिफ्टचा खड्डा खालीच असतो.

पाण्याची चौकशी एप्रिल-मे महिन्यातच करावी, तीही शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनकडे: रोज टँकर किती? हिशोब सोपा आहे. ८० फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. पालिकेचं पाणी नसेल आणि बोअर आटली असेल, तर १० हजार लिटरचे चार-पाच टँकर रोज, आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये. धायरी, आंबेगाव २०१७ साली पालिकेत आले. हद्दीत येणं आणि नळाला पाणी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करारनाम्यात टँकरचा खर्च कुणावर टाकलाय ते कलम शोधून वाचा.

जागेवर तीनदा गेलो: सोमवारी सकाळी नऊला, संध्याकाळी सातला आणि जोराच्या पावसात. रविवारच्या साइट व्हिजिटला नवले पुलावरच्या कोंडीची कल्पनाच येत नाही.

भाव ठरवायला नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच सर्व्हे नंबरचे अलीकडचे सूची क्रमांक २ (नोंदलेल्या व्यवहारांचे सारांश) काढले. रक्कम भागिले कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ), की खरा दर कळतो. शेवटी करारनाम्यातली चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारही बाजूंना काय आहे ते वाचायचं. 'पूर्वेस नाला' असं आढळलं, तर भाग नकाशा पुन्हा उघडून त्या बाजूचं अंतर मोजायचं, आणि मगच टोकन रक्कम द्यायची.