नरक्याच्या खोडातले रसायन आणि कर्करोगाचे नवे औषध

जून २०२२ मध्ये शिकागो येथे अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात डॉ. शनू मोदी यांनी स्तनाच्या कर्करोगावरील एका चाचणीचे निष्कर्ष मांडले, तेव्हा सभागृहातल्या डॉक्टरांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. वैद्यकीय अधिवेशनांत असे क्वचितच घडते. चाचणी होती ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन या औषधाची. कर्करोगाच्या पेशी हेरून त्यांच्यावर नेम धरणारे औषध, असे त्याचे वर्णन वर्तमानपत्रांत आले आणि ते बरोबरच आहे. परंतु नेम धरणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) हे त्यातले मुख्यतः वाहन आहे. पेशी मारणारे रसायन त्या वाहनातून जाते, आणि ते ज्या कुळातले आहे त्याचा मूळपुरुष असलेले कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९७२ मध्ये रुग्णांना देण्यास अयोग्य ठरवून बाजूला ठेवले गेले होते. मी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतो, आणि या एका रेणूचा प्रवास मला गेल्या साठ वर्षांतल्या औषधसंशोधनाचा सर्वांत बोलका धडा वाटतो. रेणूत दोष फारसा नव्हता, दोष तो रुग्णापर्यंत पोचवण्याच्या रीतीत होता. आणि हे उमगायला आणि दुरुस्त करायला जवळजवळ अर्धे शतक गेले.

या प्रवासाच्या सुरुवातीला एक खानदेशी माणूस आहे. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून पदव्या घेऊन ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले. वॉल त्यापूर्वी अमेरिकी शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत होते आणि कॉर्टिसोन तयार करण्यासाठी उपयोगी पडतील अशी स्टेरॉइडे हजारो वनस्पतींमध्ये शोधत होते. त्या कामातले बरेचसे अर्क त्यांनी राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या जोनाथन हार्टवेल यांच्याकडे तपासणीसाठी पाठवले, आणि त्यांतला कॅम्प्टोथेका या चिनी वृक्षाचा अर्क उंदरांमधील गाठींवर प्रभावी ठरला. त्या अर्कातले नेमके द्रव्य वेगळे करून त्याची रचना वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९७१ मध्ये याच जोडीने टॅक्सॉलची रचना जगासमोर आणली. कर्करोगावरील औषधांच्या दोन मोठ्या कुळांचे मूळ शोधणाऱ्या संशोधकाचे नाव महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी आढळले नाही, याचे मनापासून वाईट वाटते. वाणी २०२० मध्ये निवर्तले.

कॅम्प्टोथेसिनचा रेणू म्हणजे एकापुढे एक जोडलेली पाच वलये, जवळजवळ सपाट. शेवटचे वलय लॅक्टोन जातीचे आहे, म्हणजे पाणी आणि अल्कली भेटले की ते उघडते आणि आम्लात पुन्हा मिटते. औषधाची सगळी शक्ती या मिटलेल्या वलयावर अवलंबून असते. १९६६ मध्ये हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. रेणू पाण्यात विरघळत नव्हता, त्यामुळे शिरेतून देता येत नव्हता. तेव्हा त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सोडियम हायड्रॉक्साइड वापरून वलय उघडले, विरघळणारे सोडियम लवण केले आणि तेच रुग्णांना दिले. म्हणजे रुग्णाच्या रक्तात गेले ते बहुतांशी निष्प्रभ रूप. त्यातले पुष्कळसे मूत्रपिंडातून गाळले जाऊन मूत्राशयात पोचले, तिथल्या आम्लधर्मी मूत्रात वलय पुन्हा मिटले आणि नको त्या ठिकाणी औषध जागे झाले. मूत्राशयातून रक्तस्राव होणारे रुग्ण, खालावलेल्या रक्तपेशी, असह्य जुलाब, आणि गाठींवर मात्र जेमतेम परिणाम, असा तो अनुभव होता. आणखी एक गोष्ट नंतर कळली. माणसाच्या रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन उघड्या रूपाला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे मिटलेले वलयही भराभर उघडत जाते. उंदराच्या रक्तात हे इतक्या प्रमाणात घडत नाही. प्राण्यांवरील प्रयोग उत्तम आणि माणसांवरील प्रयोग निराशाजनक, या विसंगतीचे मोठे कारण यात दडलेले होते.

ज्या १९७२ साली चाचण्या थांबल्या, त्याच साली मुंबईतून एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या एका झाडात हेच कॅम्प्टोथेसिन सापडले होते. ते झाड म्हणजे नरक्या. आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर या पट्ट्यात फिरणाऱ्यांनी तो पाहिलेला असतो: मोठी पाने, फिकट पिवळसर फुलांचे झुबके, पिकल्यावर काळपट जांभळी होणारी लांबोडकी फळे आणि फुलांचा नाक मुरडायला लावणारा वास. चिनी वृक्षापेक्षा यात हे द्रव्य पुष्कळ अधिक असते, विशेषतः खोडाच्या आणि मुळाच्या सालीत. सालीच्या अर्काचा एक थेंब पातळ थराच्या पट्टीवर चढवून, द्रावणात वर सरकू देऊन अतिनील दिव्याखाली धरला, तर बाकीचे मळकट डाग मागे राहतात आणि एकच ठिपका लख्ख निळा उजळतो. विद्यार्थ्यांना हा ठिपका दाखवताना मला नेहमी भरून येते. आपल्या डोंगरातल्या एका दुर्लक्षित झाडाने काय बनवून ठेवले आहे, ते कोणत्याही वर्णनापेक्षा त्या निळ्या उजेडात स्पष्ट दिसते.

रुग्णालयांनी पाठ फिरवली तरी प्रयोगशाळांनी हा रेणू सोडला नाही. गिल्बर्ट स्टॉर्क आणि आर्थर शुल्ट्झ यांनी १९७१ मध्येच त्याचे पहिले संपूर्ण संश्लेषण केले होते, पण त्यातून एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असावीत अशी डावे आणि उजवे ही दोन्ही रूपे मिळून तयार होत होती. निसर्गात असते तेवढेच रूप ई. जे. कोरी यांच्या गटाने १९७५ मध्ये घडवले. वॉल आणि वाणी यांनी पुढे फ्रीडलँडरची जुनी अभिक्रिया हाताशी धरली. लॅक्टोन असलेला तीन वलयांचा तुकडा एकीकडे आणि अमिनो गट असलेला बेंझीनचा तुकडा दुसरीकडे, हे दोन एकत्र तापवले की मधले वलय आपोआप बांधले जाते. दुसरा तुकडा बदलला की नवा रेणू. अशा अनेक भावंडांची तपासणी झाल्यावर रेणूचा कोणता भाग हात लावण्याजोगा आहे आणि कोणता मुळीच नाही, याचा नकाशा तयार झाला.

मग १९८५ मध्ये लिरॉय लिऊ यांच्या गटाने या द्रव्याचे पेशीतले लक्ष्य दाखवून दिले. डीएनएचा धागा वाचताना किंवा त्याची नक्कल होताना सुंभाच्या दोरीसारखा त्याला पुढे पीळ बसत जातो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) धाग्याचा एक पदर कापते, पीळ सोडवते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या फटीत जाऊन बसते आणि जोडणी होऊ देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळली की धागा पूर्ण तुटतो. सतत विभागणाऱ्या पेशींवर हा घाव जास्त बसतो. झाडाला स्वतःला हे विष का बाधत नाही, याचेही उत्तर २००८ मध्ये मिळाले: कॅम्प्टोथेका वृक्षाच्या स्वतःच्या विकरात एक अमिनो आम्ल बदललेले आहे, आणि नेमका तोच बदल या औषधाला दाद न देणाऱ्या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशींतही आढळला होता. लाखो वर्षांत झाडाने शोधलेली पळवाट कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत अल्पावधीत शोधतात, हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

लक्ष्य कळल्यावर औषधकंपन्या परतल्या. लॅक्टोन शाबूत ठेवून पाण्यात विरघळणारे टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन तयार झाले. दोघांनाही अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. इरिनोटेकॅन जपानच्या याकुल्ट कंपनीच्या संशोधनातून आले. ते स्वतः फारसे काम करत नाही. शरीरात त्याचे एसएन-३८ नावाच्या रसायनात रूपांतर होते आणि ते कितीतरी पटींनी तीव्र असते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आजही ते रोजच्या वापरात आहे, पण काही रुग्णांमध्ये एसएन-३८ शरीराबाहेर टाकणारे विकर आनुवंशिक कारणाने मंद असते आणि त्यांना ठरावीक मात्राही भारी पडते.

ही दोन्ही औषधे झाडांपासून मिळवलेल्या कॅम्प्टोथेसिनवर प्रक्रिया करून बनत, आणि त्याची झळ सह्याद्रीला बसली. नव्वदच्या दशकात नरक्याला परदेशातून मागणी आली आणि झाडे मुळासकट उपटून, तुकडे करून, पोत्यांत भरून डोंगरातून उतरवली गेली. मुळात द्रव्य जास्त म्हणून मूळच काढायचे, म्हणजे फुटवा येण्याचीही आशा नाही. हे झाड आज संकटग्रस्त मानले जाते आणि चोरट्या वाहतुकीच्या बातम्या अजूनही अधूनमधून येतात. ज्या गावकऱ्यांनी किलोच्या मामुली भावाने ही लाकडे विकली, त्यांना त्या मालाचे पुढे काय होते याची कल्पनाही कोणी दिली नव्हती. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा भाग वाटतो.

जपानच्या दाइइची सांक्यो कंपनीने या कुळात एक्झाटेकॅन नावाचा सहा वलयांचा रेणू घडवला होता. त्याचा सांगाडा फ्रीडलँडर पद्धतीने दोन तुकडे जोडून संपूर्ण कृत्रिमरीत्या बांधता येतो, झाडाची गरज उरत नाही. स्वतंत्र औषध म्हणून तोही स्वादुपिंडाच्या कर्करोगात अपयशी ठरला. परंतु संशोधकांनी त्यापासून डीएक्सडी हे रूप तयार केले आणि ते काही कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर जास्त असणाऱ्या हर-२ या प्रथिनाला ओळखणाऱ्या ट्रास्टुझुमॅब प्रतिपिंडाला चार अमिनो आम्लांच्या साखळीने जोडले: ग्लायसिन, ग्लायसिन, फेनिलअॅलॅनिन, ग्लायसिन. रक्तात ही साखळी टिकते. प्रतिपिंड पेशीला चिकटून आत ओढले गेले की पेशीच्या पचनकोशातील कॅथेप्सिन विकरे ती तोडतात आणि डीएक्सडी तिथे मोकळे होते. एका प्रतिपिंडावर असे सुमारे आठ रेणू बसवले आहेत; आधीच्या पिढीच्या अशाच औषधावर ते सरासरी साडेतीन होते. इतकी तेलकट रसायने लादली की प्रतिपिंडे सहसा गोळा होतात किंवा शरीर त्यांना लवकर हुसकावते. हे टाळणारी जोडणी सापडणे ही संश्लेषणाची खरी करामत आहे.

आकडेमोड करून पाहण्याजोगी आहे. दर तीन आठवड्यांनी वजनाच्या दर किलोला ५.४ मिलिग्रॅम या हिशेबाने ६० किलोच्या स्त्रीला ३२४ मिलिग्रॅम औषध मिळते. प्रतिपिंडाचे अगडबंब वजन वजा केले, तर त्यातले डीएक्सडी अवघे आठ मिलिग्रॅमच्या आसपास भरते. इरिनोटेकॅन एकटे तीन आठवड्यांनी द्यायचे तर तिला पाचशे मिलिग्रॅमहून अधिक द्यावे लागते. डीएक्सडी मुळातच अधिक तीव्र आहे हे खरे, तरी एवढ्या थोड्या द्रव्याने काम होते ते योग्य पेशीत पोचवल्यामुळे.

शिकागोत टाळ्या पडल्या त्याचे कारण मात्र आणखी पुढचे होते. डीएक्सडी पेशीचे आवरण ओलांडून शेजारच्या पेशीतही शिरते, त्यामुळे ज्या गाठीत हर-२ असलेल्या पेशी थोड्याच आहेत तिथेही ते उपयोगी पडू शकते. चाचणीत पसरलेल्या कर्करोगाच्या ५५७ रुग्ण होत्या, आणि त्यांच्या गाठींत हर-२ कमी प्रमाणात होते. जुन्या वर्गीकरणाने त्या सगळ्या ‘हर-२ नकारात्मक’ ठरत. नेहमीच्या केमोथेरपीवर आजार सरासरी ५.१ महिने आटोक्यात राहिला, नव्या औषधावर ९.९ महिने, सरासरी आयुष्य १६.८ महिन्यांवरून २३.४ महिन्यांवर गेले. हा आजार बरा करणारा आकडा नाही. तरीही अनेक उपचार होऊन गेलेल्या आजारात साडेसहा महिन्यांचा फरक दुर्मीळ असतो.

धोकाही तितकाच स्पष्ट सांगायला हवा. त्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी १२.१ टक्के रुग्णांना फुप्फुसांचा दाह झाला आणि ०.८ टक्के त्याने दगावल्या. म्हणून हे औषध चालू असताना कोरडा खोकला किंवा जिना चढताना नव्याने लागणारी धाप घरच्या काढ्यावर न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवली पाहिजे. वेळीच औषध थांबवून स्टेरॉइड सुरू केले तर बहुतेकांचा दाह आटोक्यात येतो.

भारतात केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात या औषधावरील सीमाशुल्क माफ केले आणि त्याच वर्षी वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. इतके करूनही उपचार बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. शासकीय योजनांत ते कधी आणि कोणत्या अटींवर यावे, यावर इथल्या कर्करोगतज्ज्ञांनी जाहीरपणे बोलले पाहिजे. तोवर एक गोष्ट फुकट करता येते. घरात पसरलेल्या स्तनकर्करोगाची रुग्ण असेल आणि तिच्या जुन्या अहवालावर नुसते ‘हर-२ नकारात्मक’ लिहिलेले असेल, तर त्यामागचा, हर-२ किती आढळले ते सांगणारा गुणांक ०, १ की २ होता हे डॉक्टरांना विचारावे, आणि तो लिहिलेलाच नसेल तर गाठीचा नमुना ज्यात जपून ठेवलेला असतो तो मेणाचा ठोकळा पुन्हा तपासून घेता येईल का, हेही विचारावे.